हिरवा माणूस

इसवी सन दोन हजार पंचवीसच्या जानेवारी महिन्यातील दुसऱ्या बुधवारी, सकाळी नऊच्या सुमारास, नवीन पनवेल येथे, ‘सुरम्य सहनिवास’ या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकासमोरील पादचारी पट्ट्यांवरून, सिग्नलमधला हिरवा माणूस चालत असताना, गुणाबाई काळूराम कोळी या मासळीविक्रेत्या बाई रस्ता ओलांडत होत्या, आणि उलट्या दिशेने आलेल्या एका स्कूटरने त्यांना उडवले.

हे वाक्य प्रभाकर कर्णिकांच्या मनात जुळून आले तेव्हा गुणाबाई अजून रस्त्यावरच पडलेल्या होत्या. कर्णिक फाटकाशी उभे होते, आणि मन मात्र एकटेच आपले वाक्य रचत बसले होते. उभा जन्म शासकीय मुद्रणालयात मुद्रिते तपासण्यात गेलेला. दुसऱ्यांनी लिहिलेल्या वाक्यांतल्या चुका समासात दाखवायच्या, आणि आपले नाव कुठेही छापून यायचे नाही, अशी ती नोकरी. मनाला धक्का बसला की माणसे देवाचे नाव घेतात. कर्णिक वाक्य नीट करीत. आणि या वाक्यात काढायला म्हणून एक चूक नव्हती. तरीही संध्याकाळपर्यंत त्यातल्या ‘हिरवा माणूस चालत असताना’ एवढ्या शब्दांना दुजोरा द्यायला त्या सबंध इमारतीत कोणी उरणार नव्हते.

घडले ते असे. बुधवार हा गुणाबाईंचा वार. उरणकडच्या कोळीवाड्यातून पहाटेच्या टेम्पोने त्या पनवेलला येत आणि डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरत. त्या दिवशी कर्णिक कापडी पिशवी घेऊन फाटकाशीच उभे होते. गुणाबाई अर्धा रस्ता ओलांडून दुभाजकावर थांबल्या होत्या. सिग्नल पडला. अलीकडच्या अर्ध्या रस्त्यावरची बस थांबली, तिच्यामागे दोन मोटारी थांबल्या, खांबावरचा हिरवा माणूस तुरुतुरु चालू लागला. गुणाबाईंनी पाऊल टाकले आणि जन्माच्या सवयीने त्यांचा उजवा हात वर जाऊ लागला. तेवढ्यात त्यांना फाटकाशी कर्णिक दिसले. त्या ओशाळून हसल्या. वर निघालेला हात खाली आला, पाटीच्या कडेला टेकला. कर्णिकांकडे बघत, ताठ मानेने त्या पुढे आल्या, आणि बसच्या उलट दिशेने, फाटकाच्या कडेकडेने, विजेवर चालणारी एक स्कूटर आवाज न करता आली.

रस्ताभर पापलेट, बोंबील, मांदेली आणि बर्फाचा चुरा पसरला. स्कूटरवरचा मुलगा उठून उभा राहिला. हेल्मेट काढले तेव्हा तो शार्दूल निघाला. बी विंगमधल्या सबनिसांचा शार्दूल! कर्णिकांची रक्तदाबाची गोळी संपली तर न सांगता आणून देणारा, वाकून नमस्कार करणारा गुणी मुलगा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काका, मधेच आली हो ती!” तो म्हणाला. “तुम्ही बघितलंत ना? एकदम मधेच आली!”

*

त्या हाताची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचे नाही.

आपल्याकडे रस्ता ओलांडायची एक रीत आहे. ती कोणत्याही नियमपुस्तकात नाही आणि कोणाला शिकवावी लागत नाही. पंजा उघडायचा, येणाऱ्या वाहनाला दाखवायचा आणि चालू पडायचे. त्या पंजात विनंती असते, धाक असतो, थोडी नशिबाची परीक्षाही असते. गुणाबाई या विद्येत पारंगत होत्या. त्यांच्या बांगड्या भरलेल्या हातापुढे कंटेनरचे ट्रेलरसुद्धा करकचून थांबत.

कर्णिकांना या हाताची चीड होती. त्यांचे म्हणणे असे, की जो हक्काने मिळायला हवा तो रस्ता हात पसरून मागणे हा नागरिकाचा अपमान आहे. ते पनवेलला राहायला आले तेव्हा गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसत असे आणि समोरून तासाला चार गाड्या जात. पुढे सुळक्याच्या आड एकापाठोपाठ एक टॉवर उभे राहिले, एका बंगल्याच्या जागी साठ बिऱ्हाडे आली, प्रत्येक बिऱ्हाडाला दोन वाहने आली, रस्ता मात्र तेवढाच राहिला. कर्णिकांनी अर्ज केले, साहेबांच्या दारांशी तिष्ठत बसले, वाद घातले. पाच वर्षांनी पट्टे आखले गेले आणि हिरव्या माणसाचा सिग्नल बसला. बसला त्या दिवशी त्यांनी घरी श्रीखंड आणले होते.

आणि या सिग्नलकडे ढुंकूनही न पाहता गुणाबाई पहिल्यासारख्याच हात दाखवीत येत राहिल्या. दिवाळीनंतरच्या एका बुधवारी कर्णिकांच्या दारात पाटी उतरवून त्या त्यांच्या पत्नी शोभाताईंना कोलंबी निवडून देत होत्या, तेव्हा कर्णिकांनी विषय काढला.

“गुणाबाई, तुम्ही हात का दाखवता?”

“मंग काय पाय दाखवू, भाऊ?”

शोभाताई खळखळून हसल्या. कर्णिक हसले नाहीत. “चेष्टा नाही. हात पसरतो तो भिकारी. हिरवा माणूस लागला की तो रस्ता तुमचा. तुमच्या बापाचा!”

“माज्या बापाची खाडी व्हती. ती तं भरून टाकली. आता रस्ता देताव काय?”

“देतो! कायदा देतो. तुम्ही फक्त हात खाली ठेवा. दिव्याकडे बघा आणि ताठ चाला.”

“अहो, कशाला हात दाखवून अवलक्षण?” शोभाताई कोलंबीची टोपली उचलत म्हणाल्या. “ती इतकी वर्षं येते-जाते आहे. जाऊ द्या की तिला तिच्या रीतीनं.”

“ठेवा वयनी, भाऊ शिकलेला मानूस हाय. सांगतात तं कायतरी असल,” गुणाबाई म्हणाल्या.

कर्णिक तेवढ्यावर थांबते तर ते कर्णिक कसले. त्यांनी गुणाबाईंना खाली नेले, पाटी फाटकाशी ठेवायला लावली आणि हिरवा माणूस लागताच त्यांच्यासोबत पट्ट्यांवरून पलीकडे गेले. पुन्हा अलीकडे आले. दोघांचेही हात खाली. मोटारी उभ्या, बस उभी, मोटारसायकलींची रांग उभी. परत आल्यावर गुणाबाई पदर तोंडाशी धरून मुलीसारख्या हसत सुटल्या. “राणीवानी वाटला, भाऊ,” त्या म्हणाल्या.

कर्णिकांनी आयुष्यात हजारो चुका सुधारल्या, पण सुधारलेले वाक्य आपल्याकडे बघून असे हसल्याचा अनुभव त्यांना पहिलाच होता.

*

“मधेच आली,” हे शार्दूलचे शब्द कोणी उचलले ते कर्णिकांना कळलेही नाही. रिक्षावाला म्हणाला, मधेच आली. फाटकावरचा रखवालदार, जो त्या वेळी पाण्याचा पंप चालू करायला मागे गेला होता, तोही म्हणाला, मधेच आली. गुणाबाईंना रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत तो रस्त्याचा सर्वमान्य पाठ झाला होता. त्या शुद्धीवर होत्या. ओरडत नव्हत्या. “माजी पाटी बघा रे कोनीतरी,” एवढेच म्हणत होत्या.

पाटी बघितली गेली. कर्णिक रिक्षामागून परत वळले तेव्हा सबनिसांच्या आशालताबाई, म्हणजे शार्दूलच्या आई, पदर खोचून, प्लास्टिकच्या पिशवीत रस्त्यावरचे पापलेट भरीत होत्या. आणखी दोघीजणी मांदेली वेचीत होत्या. कर्णिक त्यांच्याजवळ येऊन थांबले.

“वाया जातील हो काका, उन्हात,” आशालताबाई म्हणाल्या. “मांजरं खाण्यापेक्षा बरं.”

दुपारी बी विंगच्या जिन्यात मासे तळल्याचा खमंग वास दरवळत होता. कर्णिक त्या दिवशी जेवले नाहीत.

संध्याकाळी त्यांना सोसायटीच्या कार्यालयात बोलावणे आले. अविनाश सबनीस, म्हणजे शार्दूलचे वडील, हे संस्थेचे अध्यक्ष. शेजारी आशालताबाई, आणि तळमजल्यावरची स्नेहल, जी वकिलीचे शिक्षण घेत होती. शार्दूल कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता.

“बसा काका. चहा सांगू?” सबनीस म्हणाले. “हॉस्पिटलचं सगळं आम्ही बघतोय बरं का. त्या बाईला वाऱ्यावर सोडणार नाही. फक्त ही पोलीस केस... शार्दूलचा व्हिसा तोंडावर आलाय. आता काही लागलं तर करिअर संपलं त्याचं.”

“मी काय करावं म्हणता?”

“तुमची साक्ष घेणार आहेत. तुम्ही एकटेच फाटकाशी होतात. एवढंच सांगा, की सिग्नलकडे तुमचं लक्ष नव्हतं.”

“माझं लक्ष नव्हतं?” कर्णिकांचा आवाज चढला. “जो सिग्नल मी आणला, त्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं?”

“काका, टेक्निकली बघा,” स्नेहल म्हणाली, “शार्दूलने सिग्नल तोडलाच नाही. राँगने येणाऱ्याला सिग्नल दिसतच नाही. त्याच्याकडे दिव्याची पाठ असते.”

पाच वर्षे खपून आणलेल्या त्या खांबाला पाठही आहे, हे कर्णिकांच्या कधी ध्यानात आले नव्हते.

“मुळात तो राँगने आलाच का?” त्यांनी विचारले.

त्यावर आशालताबाई सरळ म्हणाल्या, “काका, पुलाखालून वळसा घालून यायचं तर केवढं लांब पडतं! सगळेच राँगने येतात. शोभाकाकूंना गुडघ्याच्या डॉक्टरकडून आणते ती रिक्षा कुठून येते? विचारा घरी.”

‘राँग’ हा शब्द त्या इतक्या सहज उच्चारत होत्या, की जणू ते एखाद्या गल्लीचे नाव असावे. राँगने या, जवळ पडते. राँगला दूधवाला उभा असतो.

कर्णिकांनी घरी जाऊन विचारले. शोभाताई भाजी चिरत होत्या. त्यांनी विळीवरून मानही वर केली नाही.

“हो, राँगनेच येते. गुडघा मेला ठणकत असतो, त्यात तो वळसा कोण घालणार? तुम्ही सगळीकडे पायी जाता, तुम्हाला काय कळतंय.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगायचं? तुम्ही रिक्षावाल्याशी वाद घातला असतात. मी आजारी, आणि तुम्ही रस्त्यात व्याख्यान देत उभे!”

ज्या घरात सिग्नलच्या आनंदात श्रीखंड झाले, त्याच घराकडे आठवड्यातून एकदा त्या सिग्नलच्या पाठीमागून रिक्षा येत होती. कर्णिक बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खाली हिरवा माणूस इमानेइतबारे चालत होता. त्याच्या पाठीमागून एकामागून एक गाड्यांचे दिवे येत होते, आणि त्यांत एकही गाडी अनोळखी नव्हती.

*

चौकीवर गुणाबाईंचा मुलगा प्रणित आधीच येऊन बसला होता. बंदराकडच्या कंटेनर गोदामात कामाला असलेला, खांद्यांनी रुंद आणि बोलायला रागीट. कर्णिकांना वाटले, हा तरी आईच्या बाजूने उभा राहील.

“आईचे डोळे गेलेत, साहेब,” प्रणित हवालदाराला सांगत होता. “आमी कधीपासून बोलतोय, धंदा बंद कर, घरी बस. ऐकल तं ना. आता पडली ना तोंडावर?”

“डोळे गेलेले नाहीत,” कर्णिक म्हणाले. “तुमच्या आईची काहीही चूक नाही. हिरवा माणूस लागलेला होता. त्या पट्ट्यांवर होत्या. गाडी उलट्या दिशेने आली. मी स्वतः पाहिलं.”

हवालदाराने पेन खाली ठेवले. वयाने पिकलेला, शांत माणूस होता. “आजोबा, हिरवा असला तरी बघून चालायचं असतं.”

“का? नियम कोणी पाळायचा होता, आणि बघायचं कोणी होतं?”

“वाद नका घालू. तुम्ही म्हणता तसं घेतो मी. हिरवा होता, पट्ट्यावर होती, गाडी राँग.” तो लिहू लागला. मग सहज विचारल्यासारखे त्याने विचारले, “बाई बघत कुठं होती?”

एवढा वेळ न अडखळलेले कर्णिक येथे अडखळले. त्यांच्या डोळ्यांपुढे तो वर निघालेला हात आला. गुणाबाई हात दाखवीत तेव्हा तो एका बाजूला दाखवून थांबत नसत. उजवीकडे दाखवीत, मग डावीकडे, आणि हात जिकडे जाई तिकडे नजर जाई. हात खाली आला तेव्हा नजरही थांबली, आणि ती ज्याच्यावर थांबली तो माणूस आता चौकीच्या बाकावर बसून साक्ष देत होता.

“सिग्नलकडे,” कर्णिक म्हणाले.

हवालदाराने तसे लिहिले. कर्णिकांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच, दिसत असलेली चूक न काढता त्यांनी मजकूर पुढे जाऊ दिला.

सोसायटीत बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. सबनीस लिफ्टमध्ये भेटले आणि भिंतीकडे बघत राहिले. शार्दूल मात्र जिन्यात आडवा आला. त्याचे डोळे सुजलेले होते. “काका, मी तुमचं काय वाईट केलं होतं?” एवढेच म्हणून तो वर निघून गेला. गोळ्या संपल्या होत्या. त्या कर्णिकांनी स्वतः जाऊन आणल्या, पुलाखालून वळसा घालून.

*

रविवारी ते दवाखान्यात गेले. गुणाबाईंच्या खुब्यात सळी घातली होती. पाटी नसलेल्या, आडव्या पडलेल्या गुणाबाई त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या निम्म्या झाल्यासारख्या वाटल्या. उशाशी त्यांचे मालक काळूराम मोसंबे सोलत बसले होते.

“या भाऊ,” गुणाबाई म्हणाल्या. “वयनीचा गुडघा कसा हाय?”

कर्णिक स्टुलावर बसले. काळूरामांनी हळू आवाजात सांगितले, की डॉक्टर बोलले, चालेल, काठी घेऊन चालेल, पण डोक्यावर वजन आता नाय. प्रणितने पाटी कोणाला तरी देऊनही टाकली.

“मी साक्ष दिली आहे,” कर्णिक घाईने म्हणाले. “सगळी सोसायटी विरोधात गेली, तरी दिली. तुम्ही हिरव्यावर होतात, पट्ट्यांवर होतात, हे आता सरकारदरबारी लिहिलेलं आहे.”

गुणाबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. “बरा केला. इकडं जो येतो तो इचारतो, गुने, आंधळी झालीस काय? पोटचा पोर पन तेच बोलतो. मी काय आंधळी नाय, भाऊ.”

“मुळीच नाही. मी तेही सांगितलं. तुमचं लक्ष सिग्नलकडे होतं, असं सांगितलं.”

त्यांनी डोळे उघडले.

“सिग्नलकडं कुठं व्हता?” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडं व्हता.”

काळूरामांचा हात मोसंब्यावर थांबला. कायद्याच्या दृष्टीने तो तपशील गौण आहे, नियम नियमच असतो आणि तो मोडणारा दुसराच कोणी होता, अपवादाने नियम खोटा ठरत नाही, हात दाखवूनही माणसे मरतातच, असे कर्णिक बोलत गेले. वाक्ये निर्दोष होती. एकेक वाक्य खोलीत उभे राही आणि खाटेपर्यंत पोहोचत नसे.

“जाऊ द्या, साहेब,” काळूराम शेवटी म्हणाले. “नशिबात व्हता.”

“नशीब कशाला मधी आनताव?” गुणाबाई म्हणाल्या.

कर्णिकांना वाद अर्धवट सोडून उठता येत नसे. तो त्यांचा स्वभाव होता, आणि या वेळी तर निकालाची त्यांना तहान लागली होती. चौकीने दिला नव्हता, सोसायटीने दिला होता तो खोटा होता, घरी शोभाताईंनी विषय बदलला होता. ते खाटेशी थोडे वाकले.

“मग तुम्हीच सांगा, गुणाबाई. स्पष्ट सांगा. चूक कोणाची?”

गुणाबाईंनी फार विचार केला नाही. आवाजात राग नव्हता.

“पयली त्या पोराची,” त्या म्हणाल्या. “दुसरी तुमची. माजी नाय.”